मेंढ्याची निवड : वृषणमाप आणि शुक्राणुसाठा

पैदाशीसाठी राखायच्या मेंढ्याची प्रजननक्षमता वृषणांच्या आकारावरून अजमावण्याची पद्धत. मेंढ्याच्या वृषणात दर ग्रॅममागे रोज सुमारे २ कोटी शुक्राणू तयार होतात. म्हणून वृषण मोठे तर निर्मितीही जास्त. हे शुक्राणू वृषणाला चिकटलेल्या अधिवृषणात पक्व होतात आणि त्याच्या शेपटाकडच्या भागात साठून राहतात. एका वेळी साधारण १ मिलि. वीर्यातून २ ते ३ अब्ज शुक्राणू बाहेर पडतात. मोठ्या साठ्यामुळे मेंढा एका दिवसात अनेक मेंढ्या भरवू शकतो. पण साठा आटतोही. स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांवरील सोए जातीच्या वरचढ नरांना हंगामाच्या उत्तरार्धात शुक्राणू कमी पडतात, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

मापन : मेंढा उभा धरून दोन्ही वृषणे अलगद खाली ओढतात आणि सर्वांत रुंद भागाभोवती फीत लावून घेर मोजतात. पाश्चात्त्य जातींत १४ महिन्यांवरील नराचा घेर किमान ३३ सेंमी. असावा, असा अमेरिकी पशुवैद्यकांचा दंडक आहे. लहान चणीच्या दख्खनी मेंढ्याला तो जसाच्या तसा लावता येत नाही. तिथे एकाच कळपातले, सारख्या वयाचे नर ताडून पाहावेत. ऋतू आणि खुराक यांनुसार घेर कमीजास्त होतो. वृषणे सारखी, घट्ट पण लवचीक हवीत. अधिवृषणात गाठ लागल्यास ब्रुसेला जंतूंच्या संसर्गाची शंका घ्यावी. घेरावरून संख्येचा अंदाज येतो. वीर्याची प्रत सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. शुक्राणू तयार होऊन पक्व व्हायला सुमारे दोन महिने लागतात. त्यामुळे ताप किंवा कडक उन्हाचा परिणाम उशिरा दिसतो. तपासणी आणि वाढीव खुराक हंगामाच्या दोन महिने आधी सुरू करावा.

महाराष्ट्रातील स्थिती : राज्यात दख्खनी आणि जत तालुक्यातील माडग्याळ या प्रमुख जाती आहेत. मुंबईत चेंबूरलगत देवनार येथे १९७१ पासून महापालिकेचे पशुवधगृह असून शेळ्या-मेंढ्यांचा मोठा बाजार तिथे भरतो. मांसाच्या बाजारात लवकर वजन धरणाऱ्या नर कोकरांना आधी गिऱ्हाईक मिळते. ती गेली की मागे राहिलेले नर कळपात वापरले जातात आणि निवड उलटी होते. म्हणून पैदाशीचे नर कोकरे विकण्यापूर्वीच वेगळे काढावेत.