बर्फावरील वस्त्रविरंजन : एचिगो प्रांतातील एक प्रथा

वस्त्र उन्हात शुभ्र करावयाचे तर उन्हाळाच हवा, असे आपण गृहीत धरतो. युरोपचा इतिहासही त्यास पुष्टी देतो. हारलेम व स्कॉटलंड येथील कुरणांवर लिननचे कापड वसंतापासून शरदापर्यंत पसरलेले असे. थंडीत काम थांबे. पुढे बर्तोले याने १७८५ मध्ये क्लोरीनचा उपयोग दाखविला, १७९९ मध्ये टेनंटने विरंजक चूर्णाचे पेटंट घेतले, आणि ती कुरणे ओस पडत गेली.

जपानमधील एचिगो (आजचे नीगाता) येथे मात्र याच कामाचा हंगाम फेब्रुवारी-मार्चचा आहे. रॅमीच्या वाखापासून विणलेले तलम कापड निरभ्र दिवशी बर्फावर अंथरतात. किरणे वरून पडतात, बर्फावरून परावर्तित होऊन खालूनही लागतात. वितळत्या बर्फाचा ओलावा आत टिकतो. त्यातून घडणारे ऑक्सिडीकरण मळकटपणा घालविते. नव्या कापडाप्रमाणेच वापरलेली वस्त्रेही येथे परत पाठविली जातात. या परतीस ‘सातोगाएरी’ म्हणतात. लेकीच्या माहेरपणासही तोच शब्द. कावाबाता यांच्या ‘युकिगुनी’ कादंबरीचा नायक आपली उन्हाळी वस्त्रे अशीच पाठवितो.

रसायनांपुढे युरोपातील पद्धत हरली, ही का टिकली? केवळ परंपरानिष्ठा हे उत्तर मला अपुरे वाटते. युरोपात विरंजनासाठी ऐन हंगामात चांगली जमीन अडकून पडे. एचिगोत भातखाचरे बर्फाखाली गाडलेली असतात. जमीनही रिकामी, शेतीत राबणारे हातही रिकामे. शिवाय कोरड्या हवेत रॅमीचा धागा तुटतो, म्हणून विणकामही हिमऋतूतच चाले. १९५५ मध्ये जपान सरकारने या कलेस सांस्कृतिक संपदेचा दर्जा दिला व २००९ मध्ये युनेस्कोच्या सूचीत तिचा समावेश झाला. पण त्यापूर्वी कितीतरी काळ तिला या हिशेबानेच तगविले होते.

त्या हिशेबात विणणारीचे श्रम कितपत धरले जात, हे पाहावयाचे तर शिओझावा येथील कापडव्यापारी सुझुकी बोकुशी (१७७०-१८४२) याचा ‘होकुएत्सु सेप्पु’ हा ग्रंथ चाळावा. त्याचा पहिला खंड १८३७ मध्ये एदो येथे निघाला. बोकुशी स्वतः याच मालाचा व्यापारी. तरीही एका विणकर मुलीची हकीकत त्याने वगळलेली नाही. मोठ्या कष्टाने विणलेले तिचे कापड विरंजनाहून परत आले, तेव्हा त्यावर काजळीसारखा एक लहानसा डाग दिसला. त्या धक्क्याने मुलीला वेड लागले.