सरकलेली चकती आणि थांबण्याचा इतिहास

नागपुरात कोणाची मणक्यातील चकती सरकली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, शस्त्रक्रिया करून मोकळे व्हा. दुसरा, रामनगरच्या योगाभ्यासी मंडळात जा. जनार्दनस्वामींनी १९५१ साली स्थापन केलेल्या या मंडळाने विनाशुल्क योगशिक्षणाची परंपरा रुजवली. या दोन्ही सल्ल्यांमागचा इतिहास मात्र वाटतो तितका सरळ नाही.

कमरेपासून पावलापर्यंत उतरणाऱ्या कळेला चरकसंहितेत ‘गृध्रसी’ म्हटले आहे. प्राचीन उपचार सौम्यच असत, हा गोड गैरसमज होय. बस्तीबरोबर शिरावेध आणि डागणीही तेथे सांगितली आहे. १७६४ मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने सांध्याच्या दुखण्यापासून मज्जातंतूचे दुखणे वेगळे काढले.

चकतीवर बोट ठेवले गेले ते थेट १९३४ मध्ये. ज्याला गाठ समजून काढले जाई, तो बहुधा फाटलेल्या चकतीचा बाहेर आलेला भाग असतो, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवले. कारण डोळ्यांना दिसले, ते कापताही येत होते. मग कापणे हाच उपाय ठरला.

या विश्वासाला तडा दिला नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी. शस्त्रक्रियेची निकड संदिग्ध असलेल्या १२६ रुग्णांची त्यांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी केली आणि दहा वर्षे पाठपुरावा केला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया सरस, चौथ्या वर्षी लक्षणीय फरक उरला नाही.

पुढे एमआरआयने आणखी एक नवल दाखवले. बाहेर पडलेला तुकडा शरीराच्या भक्षक पेशी हळूहळू शोषून घेतात आणि पूर्ण सुटलेला मोठा तुकडा अनेकदा अधिक आक्रसतो. चित्रात सर्वांत भीषण दिसणारी चकतीच पुष्कळदा विरते!

म्हणून थांबणे सर्वांनाच साधते असे नाही. २००७ च्या डच अभ्यासात थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावीच लागली. वर्षाअखेरीस दोन्ही गटांतील ९५ टक्के रुग्ण बरे झालेले होते. शस्त्रक्रियेने प्रामुख्याने वेदनेचे महिने वाचवले.

आणि योग? स्वीडनच्या नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा पुढे वाकून बसण्यात तो उभे राहण्यापेक्षा बराच अधिक भरला. त्यामुळे तीव्र दुखण्यात पश्चिमोत्तानासनाचा हट्ट धरणे धोक्याचे. लघवी अडली, जांघांच्या मध्ये बधिरता आली किंवा पायातील शक्ती झपाट्याने गेली, तर आसनही नको आणि थांबणेही नको. तेथे त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.