सिगारच्या खोक्याची झाकणं आणि अण्णांचे पुठ्ठे

मागच्या वर्षी गणपतीच्या दिवसांत कोल्हापूरहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, घर पाडायचं नक्की झालंय. माळ्यावर अण्णांची ट्रंक आहे, ती पुठ्ठ्यांची. मोठी तीन चित्रं मी लावीन भिंतीवर. पण ही बारकी साठ-सत्तर आहेत. त्यांचं काय करायचं ते वाळवी लागायच्या आत सांग."

"सांगते" म्हणून मी फोन ठेवला खरा, पण काय सांगावं ते मलाच सुचेना.

अण्णा म्हणजे आमचे वडील. शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. तुमच्यापैकी ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील त्यांच्या डोळ्यांसमोर असे एक मास्तर लगेच उभे राहतील. टेबलावर बादली, त्यावर तिरका झाडू, शेजारी दोन वांगी मांडून "आता बघा, मग काढा" म्हणणारे. रविवारी सकाळी मात्र ते आमचेही नसायचे आणि शाळेचेही नसायचे. सायकलच्या कॅरिअरला रंगपेटी बांधायची आणि रंकाळा नाहीतर पंचगंगेचा घाट गाठायचा. हार्डबोर्डचे वहीच्या पानाएवढे तुकडे ते स्वतः कापत, त्यांना सरस आणि खडूच्या भुकटीचा हात देत, आणि त्यावर तैलरंगात तासाभरात चित्र उरकत. पावसाळ्यात बाहेर पडता आलं नाही की घरातच तांब्या, समई, दोन कांदे. प्रदर्शन कधी भरवलं नाही. आम्ही विचारलं तर म्हणायचे, "अगं, हा नुसता हात बसवायचा सराव. खरं चित्र मोठं असतं."

ते आमच्या मनात पक्कं बसलं. म्हणून तर भावाने मोठी तीन आधीच बाजूला काढली होती. पण लहान चित्र म्हणजे कच्चं चित्र, हे खरं आहे का? योगायोग असा, की मी ज्या देशात गेली सोळा वर्षं राहतेय त्या देशाच्या चित्रकलेचा इतिहास या प्रश्नाचं उत्तर फार ठसक्यात देतो.

१७ ऑगस्ट १८८९. मेलबर्नच्या स्वॉन्स्टन स्ट्रीटवर बक्स्टन्स रूम्स नावाच्या जागेत एक प्रदर्शन उघडलं. टॉम रॉबर्ट्स, आर्थर स्ट्रीटन आणि चार्ल्स काँडर हे तिघे त्यातले मुख्य. रॉबर्ट्स तेहतीस वर्षांचा, बाकीचे दोघे तर विशीतले पोरगेच. कॅटलॉगमध्ये १८३ कामं होती, आणि बरीचशी चित्रं नऊ इंच बाय पाच इंच. हे माप आलं कुठून? तर सिगारच्या लाकडी खोक्याच्या झाकणावरून! त्यांचा चित्रकार मित्र लुई एब्राहम्स याच्या घरचा सिगारचा धंदा होता, तिथून ही झाकणं मिळत. प्रदर्शनाचं नावच 'नाइन बाय फाइव्ह इम्प्रेशन एक्झिबिशन'. म्हणजे आकार लपवायचा तर सोडाच, पाटीवरच लिहून टाकला.

ही मंडळी त्याआधी काही वर्षं मेलबर्नबाहेर बॉक्स हिल आणि ईगलमाँटला मुक्काम ठोकून उघड्यावर रंगवत होती. उघड्यावर रंगवणं म्हणजे घड्याळाशी शर्यत. ऊन पंधरा-वीस मिनिटांत सरकतं, सावली रंग बदलते. मोठा कॅनव्हास घेऊन बसलात तर डाव्या कोपऱ्यात सकाळ आणि उजव्या कोपऱ्यात दुपार! लहान झाकणावर मात्र एकच क्षण पकडता येतो. शिवाय झाकण खोबणीच्या पेटीत बसतं, त्यामुळे ओला रंग न फासता घरी येतो. म्हणजे लहान आकार ही गरिबीची खूण नव्हती, ती कामाची गरज होती.

याच्याही मागे एक बारकासा शोध आहे. तयार तैलरंग पूर्वी डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. पिशवीला टाचणीने भोक पाडायचं, रंग काढायचा, आणि उरलेला वाळून जाताना बघत बसायचं. लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली कथलाची दाबायची ट्यूब काढली आणि रंगांचं दुकान खिशात मावायला लागलं. रंकाळ्यावर जाणाऱ्या अण्णांच्या सायकलवर रँडसाहेबही डबलसीट बसलेले असायचे, असं म्हणायला हरकत नाही.

तर त्या प्रदर्शनाचं पुढे काय झालं? 'आर्गस' या वर्तमानपत्रात जेम्स स्मिथ या दबदबा असलेल्या समीक्षकाने चित्रांना अक्षरशः धुऊन काढलं. अर्धवट, घाईघाईने फासलेली, असा एकूण सूर. या पठ्ठ्यांनी काय करावं? ती समीक्षा कापून प्रदर्शनाच्या दारातच लावून टाकली. लोक कुतूहलाने आले आणि चित्रं विकलीही गेली. त्यातली काही आज मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियामध्ये आहेत. बऱ्याच चित्रांचा मात्र आज पत्ताच लागत नाही. कुणाच्या माळ्यावर गेली, कुणी शेकोटीत घातली, देव जाणे. पण ऑस्ट्रेलियाच्या चित्रकलेची गोष्ट सांगताना हे प्रदर्शन टाळून पुढे जाता येत नाही. इंग्लंडच्या हिरव्या चष्म्यातून न बघता इथलं पिवळं, करपलेलं गवत आणि निळसर धूसर डोंगर जसेच्या तसे बघायला या झाकणांनी शिकवलं.

आता आपल्याकडे याच काळात काय चाललं होतं? मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं होतं, आणि बाँबे आर्ट सोसायटी स्थापन झाली ती १८८८ साली. म्हणजे मेलबर्नच्या प्रदर्शनाच्या फक्त एक वर्ष आधी! जे. जे.मध्ये विलायती पद्धतीचं शिक्षण होतं. समोर वस्तू मांडायची आणि छायाप्रकाशासकट हुबेहूब उतरवायची. इंटरमिजिएटच्या 'स्थिरचित्रा'चा पेपर सोडवताना आपण घाम गाळला तो याच परंपरेच्या कृपेने.

या शाळेत शिकून कोल्हापूरला परतलेला एक माणूस म्हणजे आबालाल रहिमान. अण्णा हे नाव घेताना कानाला हात लावायचे. छत्रपती शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. पण हा फकिरी वृत्तीचा माणूस दरबारात कमी आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेच्या काठी जास्त रमायचा. तेच तळं, तोच घाट, पण वेळ वेगळी आणि प्रकाश वेगळा. जलरंग, तैलरंग, जे हाताशी असेल ते आणि जो कागद मिळेल तो. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली ढिगाने चित्रं पंचगंगेत सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. दंतकथा असेल किंवा नसेल, पण १९३१ साली ते वारले तेव्हा त्यांच्या आयुष्यभराच्या कामातलं फार थोडं मागे उरलं होतं, हे खरं. जे उरलं त्यातलं काही कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये बघायला मिळतं. अण्णांनी मला आठवीत असताना तिथे नेलं होतं. मी तेव्हा तलवारी बघत होते!

आपल्याकडे निसर्गचित्रात पुढेही बराच काळ जलरंगांचा मान मोठा होता. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर हे त्यातलं मोठं नाव, आणि त्यांनी १९०८ साली मुंबईत स्वतःची कलासंस्थाही काढली. तैलरंग म्हणजे बहुतेक करून पोर्ट्रेट, संस्थानिक, शेटजी. तैलरंगाचा सुटा, भडक, उन्हाळलेला वापर मुंबईत वाढला तो हिटलरच्या तडाख्यातून निसटून आलेल्या वॉल्टर लँगहॅमर या ऑस्ट्रियन चित्रकारामुळे. 'टाइम्स ऑफ इंडिया'त ते कलाविभाग सांभाळत, आणि त्यांच्या घरी तरुण चित्रकारांचा राबता असे. त्याच पिढीतले कृष्णाजी हौळाजी आरा. आधी मुंबईत घरगडी म्हणून राबलेले, पण नाव झालं ते फुलदाणी, फळं, भांडी अशा साध्यासुध्या वस्तूंच्या चित्रांनी. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला त्यात ते होते. "दोन कांदे कसले रंगवता?" म्हणून आई अण्णांना चिडवायची, तेव्हा अण्णांनी आरांचं नाव घेतल्याचं मला आठवतं.

आमच्या क्वीन्सलँडमध्येही कांदे-लिंबांना मोठं करणारी एक बाई होऊन गेली. मार्गारेट ऑली. जन्म १९२३, ब्रिस्बेनमध्ये शिक्षण, आणि पुढे सिडनीच्या घरात फुलं, फळं, बाटल्या, किटल्या यांच्या पसाऱ्यात आयुष्यभर स्थिरचित्रं. २०११ साली त्या गेल्या. मर्विलम्बाच्या ट्वीड रिजनल गॅलरीत २०१४ पासून त्यांच्या घरातल्या खोल्या जशाच्या तशा उभ्या केल्या आहेत, वीस हजारांवर वस्तूंसकट. गोल्ड कोस्टला जाणाऱ्या मंडळींनी थोडं पुढे जाऊन जरूर बघाव्यात. आपल्या आजीची कोठीची खोली आठवल्याशिवाय राहणार नाही.

माझी स्वतःची सुरुवात मात्र फजितीने झाली. फोननंतर काही दिवसांनी मीही एक रंगपेटी आणली. अण्णांचा नियम पाठ होता: स्थिरचित्र मांडायचं ते उत्तरेच्या खिडकीशी, तिथे थेट ऊन येत नाही, सावली हलत नाही. स्प्रिंगफील्ड लेक्सच्या आमच्या घरात उत्तरेची खिडकी शोधून तांब्या आणि दोन लिंबं मांडली. अर्ध्या तासात तांब्यावर ऊन आलं, सावली टेबलभर फिरली, चित्राचा पार विचका! मग डोक्यात उजेड पडला. विषुववृत्ताच्या या बाजूला दुपारचा सूर्य कायम उत्तरेला. इथे चित्रकाराला हवी ती दक्षिणेची खिडकी. सोळा वर्षं या घरात वाळवण घालतेय, पण सूर्य कुठून कुठे जातो ते मला दोन लिंबांनी शिकवलं. अण्णांचं "आता बघा, मग काढा" तेव्हा कळलं.

आपलं स्प्रिंगफील्ड तसं कालचं पोर. महा सिनथंबी या मलेशियात जन्मलेल्या तमिळ उद्योजकाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही माळजमीन घेतली आणि त्यावर शहर वसवलं. आपलं तळंसुद्धा माणसाने केलेलं. इथे रंगवण्यासारखा इतिहास तो काय, असं मला वाटायचं. पण पाठीमागे व्हाइट रॉक उभा आहे, युगेरा उगारापुल लोकांचं पवित्र स्थान, या सगळ्याच्या हजारो वर्षं आधीपासूनचं. मी तो दुरूनच रंगवते. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऐन आपल्या दिवाळीत, ब्रिस्बेनभर नीलमोहर फुलतो, ज्याला इथे जॅकरँडा म्हणतात. गॉडफ्री रिव्हर्स यांनी १९०३ साली रंगवलेलं 'अंडर द जॅकरँडा' क्वीन्सलँड आर्ट गॅलरीत आहे. ते ज्या झाडाचं आहे, ते बोटॅनिक गार्डनमधलं झाड १९७९च्या वादळात पडलं. चित्रातला त्याचा बहर मात्र तसाच आहे.

डिसेंबरच्या सुट्टीत मी कोल्हापूरला गेले. भावाबरोबर दोन दिवस माळ्यावर बसून एकेक पुठ्ठा फडक्याने पुसला. मागे पेन्सिलीने अण्णांचं अक्षर: "रंकाळा, स. ७", "घाट, पाऊस येताना". नऊ पुठ्ठे वाळवीने खाल्ले होते. एकोणसाठ वाचले. एकावर निलगिरीची झाडं होती. पानं हिरवी नव्हती, राखाडी-निळसर होती, थेट माझ्या मागच्या अंगणातल्यासारखी. निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची, पुढे हिंदुस्थानात गेलेली. अण्णा इथे कधी आले नाहीत. पण इथल्या झाडाचा खरा रंग त्यांनी माझ्या आधी पाहिला होता.

भाऊ म्हणाला, "मोठ्या तिघांपेक्षा हीच बरी आहेत गं." ती मोठी तीन फोटोवरून केलेली होती. मी काहीच बोलले नाही.

शेवटी वाटणी अशी झाली: तीस भावाकडे, सतरा मावशी-आत्यांकडे, बारा माझ्याकडे. प्रत्येकाचा फोटो काढून मागचा मजकूर एका वहीत उतरवून घेतला. ही काही आबालालांची चित्रं नव्हेत, ठाऊक आहे मला. पण सिगारच्या झाकणांनाही त्या सकाळी कुणी इतिहास म्हटलं नव्हतं. पुष्कळशी हरवली ती पाण्याने किंवा आगीने नव्हे, 'सराव' समजून कुणीतरी माळ्यावर टाकली म्हणून हरवली असतील.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सध्या देशातली घरं आवरणं चाललंय. तसा फोन तुम्हालाही येईल. तेव्हा "टाकून दे" म्हणायच्या आधी ट्रंक एकदा उघडायला सांगा.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या चौरंगाशेजारी 'रंकाळा, स. ७' ठेवणार आहे. दक्षिणेच्या खिडकीशी! सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.