पिवळ्या दिव्याची साक्ष

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गाडीच्या मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि विझायचं नाव घेईना. गाडी २०१३ची, पेट्रोलवर चालणारी, पुण्याहून सेकंडहँड घेतलेली. नंबरप्लेटवर अजून एमएच-१२. शहापूर नागपूर-भंडारा महामार्गावरचं गाव, त्यामुळे गाडी दाखवायला जागांची वाण नाही. पहिल्या ठिकाणी स्कॅनर लावून कोड पुसला. चार दिवसांनी दिवा परत. दुसऱ्या ठिकाणी ऑक्सिजन सेन्सर बदलला, काही हजार रुपये गेले. आठवड्यानं दिवा परत. तिसऱ्या ठिकाणी सल्ला मिळाला, "दिव्याची वायरच काढून टाकू. गाडी तर चालतेच आहे ना?"

गाडी खरंच चालत होती. पीयूसीचं प्रमाणपत्रही कायदेशीर होतं. मग हा दिवा नेमकं कुणाचं गाऱ्हाणं मांडतो आहे? या प्रश्नामागे लागलो आणि थेट लॉस एंजेलिसला पोहोचलो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून त्या शहरावर डोळे चुरचुरवणारं धुरकं साचू लागलं. आधी संशय कारखान्यांवर आणि तेलशुद्धीकरण प्रकल्पांवर गेला. आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ तेव्हा तिथं अननसाच्या स्वादावर संशोधन करत होते. त्यांनी शहरातली हवा तपासायला घेतली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं, की न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की हे धुरकं तयार होतं. म्हणजे कारखान्यांच्या जोडीला प्रत्येकाच्या दारातली मोटारही गुन्हेगार होती.

पुढे कायदे आले. १९७५च्या सुमारास अमेरिकी गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. १९७६मध्ये व्होल्वोच्या गाडीत बॉशचा लॅम्बडा सेन्सर आला. धुरात किती ऑक्सिजन उरला हे तो सांगतो आणि त्यावरून गाडीचा संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण जमलं, तरच कन्व्हर्टर आपलं काम नीट करतो.

तरी एक पळवाट राहिली होती. कारखान्यातून निघताना स्वच्छ असलेली गाडी पाच वर्षांनी काय सोडते, हे कोण पाहणार? लाखो गाड्यांमागे लाखो निरीक्षक नेमता येत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या वायू मंडळानं त्यावर तोडगा काढला: गाडीनंच स्वतःवर पहारा ठेवावा. १९८८च्या मॉडेलपासून तिथं ही सक्ती सुरू झाली. १९९६पासून संपूर्ण अमेरिकेत नव्या मोटारींना एकाच पद्धतीचे कोड आणि १६ पिनांचं एकच सॉकेट आलं. युरोपनं २००१पासून पेट्रोल गाड्यांना तोच नियम लावला. डॅशबोर्डखाली जिथं मिस्त्री स्कॅनर खोचतो, ते हेच सॉकेट.

आपल्याकडे ही वाट न्यायालयातून आली. एम. सी. मेहता यांची दिल्लीच्या हवेबद्दलची याचिका १९८५ची. १९९५मध्ये चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आलं. शिसं कन्व्हर्टर निकामी करतं, म्हणून दोन्ही एकत्र आणावं लागलं. २०००च्या फेब्रुवारीत शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं. २०१०मध्ये भारत स्टेज-४ नियम आले, पण निवडक शहरांतच. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, सोलापूर. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यांना त्यासाठी १ एप्रिल २०१७ची वाट पाहावी लागली. हवा एकाच राज्याची, पण नियम दोन! एप्रिल २०१३पासून स्टेज-४च्या गाड्यांना स्वतःवरच्या पहाऱ्याचा दुसरा, अधिक कडक टप्पा लागू झाला. आमची पुणेरी गाडी त्याच वर्षाची. आमच्या पिवळ्या दिव्याची जन्मकुंडली ही अशी.

शेवटी गाडी एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी स्कॅनर लावला. कोड होता पी०१७१: मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. मी म्हटलं, "सेन्सर तर नवा आहे." ते हसले. "भाऊ, कोड फक्त गाऱ्हाणं सांगते. चोर कोन हाय, ते आपल्याले शोधा लागते."

त्यांनी स्कॅनरवर पेट्रोलच्या दुरुस्तीचे आकडे पाहिले. गाडी जागेवर उभी असताना संगणक नेहमीपेक्षा बरंच जास्त पेट्रोल ओतत होता. रेस वाढवली की ही जादा मात्रा उतरत होती. म्हणजे पेट्रोलचा पंप ठीक होता. कुठून तरी चोरून हवा आत शिरत होती. इंजिन मंद चालताना तिचा वाटा मोठा पडतो, वेगात तो किरकोळ ठरतो. मग त्यांनी एकेक रबरी नळी चिमट्यानं दाबून पाहिली. इंजिनाची वाफ मॅनिफोल्डकडे नेणारी बोटाएवढी नळी दाबताच इंजिनाची थरथर थांबली. खालच्या बाजूला, सहज दिसणार नाही अशी भेग होती. रबर जुनं, त्यात विदर्भाचं ऊन. नवी नळी बदललेल्या सेन्सरच्या तुलनेत अगदी स्वस्तात आली.

तो जुना सेन्सर बिचारा खरंच बोलत होता. आम्ही साक्षीदारालाच शिक्षा देऊन मोकळे झालो होतो.

आणि पीयूसी? पेट्रोल गाडीच्या त्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडं मोजत नाहीत. मिश्रण पातळ झालं की कन्व्हर्टरला नेमकी तीच मोडता येत नाहीत. हागेन-स्मिट यांनी पकडलेल्या जोडगोळीतला हा एक गुन्हेगार. उन्हाची तर आमच्याकडे कमतरताच नाही. कागद सांगत होता सगळं ठीक आहे. ठीक नाही असं सांगणारा तो पिवळा दिवाच तेवढा होता, आणि आम्ही त्याची वायर कापायला निघालो होतो.

निघताना मी म्हटलं, "कोड पुसून देता का?" मिस्त्री म्हणाले, "नाही. दुरुस्त झाली असंन तर दिवा आपल्या मनानं जाईन." सलग तीन फेऱ्यांत तोच दोष दिसला नाही तर गाडी दिवा स्वतःच मालवते, हे मला तेव्हा कळलं. मी शहापूर-भंडारा ये-जा करत राहिलो. पाचव्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली. इतर दिव्यांबरोबर तोही क्षणभर उजळला, इंजिन सुरू झालं आणि तो विझला.