भांडवल आणि गिऱ्हाईक

कोल्हापूरच्या आर्थिक प्रगतीचा इतिहास मी वर्गात शिकवतो तेव्हा क्रम ठरलेला असतो : १८९१ ची रेल्वे, १८९५ ची शाहूपुरी पेठ, १९०६ ची शाहू मिल. या यादीत एक चहाचे दुकान कधीच नसते.

ते दुकान गंगाराम कांबळे यांचे. संस्थानच्या पागेत चाकरी करणाऱ्या या महार माणसाने सवर्णांच्या हौदातले पाणी घेतले म्हणून त्याला मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्याला स्वतंत्र धंद्यासाठी पैसे दिले. दुकान निघाले, पण महाराच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा पीत आणि बरोबरच्या सवर्णांनाही पाजीत.

१९१८ साली महाराजांनी महार वतने रद्द केली. वेठीतून सुटलेल्या माणसाला बाजारात उभे राहायचे तर नुसते भांडवल पुरत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आपले अर्थशास्त्र मात्र गिऱ्हाईक आपोआप येते असे धरून चालते.

माझ्या वडिलांनी तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी घातली होती. कर्ज मिळाले, यंत्र आले. दळण मात्र आमच्याच वस्तीचे आले. दोन वर्षांत गिरणी विकली. हप्ते मी नोकरीला लागेपर्यंत फिटत होते.

शहराच्या विकासाच्या योजना आखणाऱ्यांना म्हणूनच माझा एक प्रश्न आहे : कर्ज तुम्ही देता, आमच्या दुकानात चहा प्यायला कधी येता?