मॅशी म्हणजे पाच नंबर नव्हे

जुन्या गोल्फ क्लबांविषयी वाचायला घेतले की एक कोष्टक हमखास समोर येते: ब्रॅसी म्हणजे आजचा दोन नंबरचा वूड, स्पून म्हणजे तीन, मॅशी म्हणजे पाच नंबरची आयर्न आणि निब्लिक म्हणजे नऊ. जाणकारही ते निःशंकपणे सांगतात. माझ्या मते ते मुळातच चुकीचे आहे.

नंबरांच्या मागे एकच माप असते. चेंडूला भिडणाऱ्या पृष्ठभागाचा कल क्रमाने वाढतो, दांड्याची लांबी क्रमाने घटते. जुनी नावे अशा मापावर कधी बसवलेलीच नव्हती. ब्रॅसीला नाव मिळाले ते तळाच्या पितळी पट्टीवरून. चेंडू रस्त्यावर किंवा टणक जमिनीवर पडला तर लाकूड झिजू नये म्हणून ती ठोकलेली असे. स्पूनचे नाव मात्र किंचित खोलगट पृष्ठभागावरून पडले. एक ओळख तळाची, दुसरी तोंडाची. ती दोन-तीन अशी ओळीने लागणार कशी? पितळी तळाचे लाकडी निब्लिकही होतेच. शिवाय स्पून एकच नव्हता. सेंट अँड्र्यूजचे कारागीर ह्यू फिल्प यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, लांब, मधला, आखूड आणि बॅफिंग असे स्पून वापरात होते. त्यांतला ‘तीन नंबर’ कोणता?

बॅफिंग स्पूनकडे तर नीट पाहायला हवे. पिसे ठासून भरलेला कातडी चेंडू महाग असे आणि लोखंडाच्या घावाने फाटे. म्हणून उंच, आखूड फटकाही लाकडानेच मारायचा. १८४८च्या सुमारास गटापर्चाचा टणक चेंडू आला, लोखंडी क्लबांना मोकळे रान मिळाले आणि बॅफिंग स्पूनचे काम हळूहळू त्यांच्याकडे गेले. काही वेळा नाव तेच राहिले आणि वस्तू बदलली. निब्लिक आधी छोट्या डोक्याचा लाकडी क्लब होता. पुढे गाडीच्या चाकोरीतून चेंडू काढणाऱ्या लहान, गोल लोखंडी डोक्याला तेच नाव लागले. १९२०च्या दशकात त्याच नावाने मोठ्या, बऱ्याच कललेल्या तोंडाचा क्लब मिळे. कोष्टकात या तिघांनाही नऊ!

कोष्टकाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते. हिकरीच्या लाकडी दांड्यांच्या शेवटच्या वर्षांत कारखाने नाव आणि नंबर दोन्ही छापू लागले होते, आणि त्या क्लबांपुरती ही तुलना ढोबळमानाने जुळते. पोलादी दांड्यांना अमेरिकी गोल्फ संघटनेने १९२४ मध्ये आणि सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबने १९२९ मध्ये मान्यता दिली. मग एकसारख्या दांड्यांचे जुळवलेले संच निघाले आणि नंबरांना खरा अर्थ आला. त्याआधी खेळाडू एकेक हिकरीचा दांडा हातात तोलून, वाकवून, पारखून संच जमवत असे. १९३०च्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्या बॉबी जोन्स यांचे क्लब असेच निवडलेले होते. हिकरीच्या त्या शेवटच्या वर्षांची सोय फिल्प यांच्या बीचच्या लाकडावर लादणे हा इतिहास नव्हे. जुन्या क्लबाची नोंद करताना लाकूड कोणते, तळाला काय, तोंड सपाट की खोलगट, दांडा किती लांब, एवढे लिहावे. नंबराचा रकाना कोराच ठेवावा.