सायकलचा घाट

तांब्याचा घाट चांगला आहे की नाही, हे आपल्या आया-आज्यांना कोणा कलासमीक्षकाने शिकविले नव्हते. रोज हाती घेतलेल्या वस्तूचा घाट माणसाला कळतो, आणि वापरता वापरता तो थोडाबहुत बदलताही येतो. सायकलच्या बाबतीत हेच घडले आहे, असे माझे म्हणणे आहे. तिच्या इतिहासात शोधकांची आणि कंपन्यांची नावे आहेत. ज्यांनी तिला पोट भरण्याचे साधन केले आणि त्यासाठी तिचे रूप पालटले, त्यांचे नाव त्यात सापडत नाही. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले असल्यामुळे मी ही बाजू मांडणार, हे आपण गृहीत धरले असेलच.

आरंभीची हकिकत थोडक्यात सांगतो. 1817 साली जर्मनीतील मॅनहाइम गावी ड्राइस नावाच्या गृहस्थाने दोन चाकांची लाकडी गाडी केली. तिला पायडल नव्हते, जमिनीला पाय रेटीत जावयाचे. 1860 नंतरच्या दशकात पॅरिसच्या कारागिरांनी पुढच्या चाकाला पायडल लावले. मग एक चाक प्रचंड आणि एक चिमुकले अशी उंच सायकल आली. तिच्यावरून पडणे हा धाडसी श्रीमंतांचा षोक होता. 1885 साली कॉव्हेंट्रीच्या स्टार्लेने दोन्ही चाके सारखी करून साखळीने मागचे चाक फिरविले. 1888 साली बेलफास्टमधील गुरांचे डॉक्टर डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेली रबरी धाव केली, आणि आजची सायकल सिद्ध झाली. या रबरापायी काँगोच्या जंगलात बेल्जियमच्या राजाच्या माणसांनी तेथील गरीब जनतेवर जे अत्याचार केले, त्यांची नोंद मात्र सायकलच्या जाहिरातीत नसे. जाहिराती सुरेख असत. 1896 साली तुलूझ-लोत्रेकसारख्या थोर चित्रकाराने सायकलच्या साखळीचे भित्तिपत्रक काढले होते.

किमती उतरल्या तशी सायकल कामगाराच्या हाती आली. 1894 साली बर्मिंगहॅम येथे ‘क्लॅरियन’ सायकल क्लब निघाला. ही मंडळी समाजवादी. रविवारी खेड्यापाड्यांतून सायकलने हिंडत आणि आपले वर्तमानपत्र व पत्रके वाटीत. जर्मनीत 1896 साली कामगार-सायकलस्वारांचा संघच स्थापन झाला. गिरणीच्या धुराबाहेरची झाडे, ओढे, जुनी देवळे कामगाराला प्रथम दिसली ती पुष्कळ ठिकाणी सायकलवरून. निसर्गचित्रांचे प्रदर्शन पाहावयास त्याला सवड नव्हती. सायकलने त्याला निसर्गच दाखविला.

आता कलावंतांकडे वळू. 1913 साली मार्सेल द्यूशाँ याने सायकलचे एक चाक स्टुलावर उलटे बसविले. त्या चाकावर तेव्हापासून ग्रंथ लिहिले जात आहेत. 1925 साली जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेचे मार्सेल ब्रॉयर सायकल वापरीत. तिच्या हँडलची वाकविलेली पोलादी नळी पाहून त्यांना नळीची खुर्ची करण्याची कल्पना सुचली. आज कचेऱ्यांत आणि दवाखान्यांत आपण ज्या नळ्यांच्या खुर्च्यांवर बसतो, त्या या कुळातल्या. 1942 साली पिकासोने एक सीट आणि एक हँडल जोडून बैलाचे मुंडके केले. ते पाहून आपल्याकडचे शेतकऱ्याचे पोरही ‘नंदी!’ म्हणेल, इतके ते सरळ आहे.

मला या तिन्ही वस्तूंबद्दल आदर आहे. पण मौज अशी की, दोघांच्या हाती सायकल कला झाली ती मोडून, रस्त्यावरून उचलल्यावर. आपल्या गल्लीत येणारा धारवाला पाहा. तो सायकल स्टँडवर उभी करतो, चाकावरून पट्टा घेऊन सहाणेला जोडतो आणि पायडल मारू लागतो. गाडी जागची हलत नाही, सहाण फिरते, ठिणग्या उडतात, पाचूबंदरच्या कोळणीच्या कोयत्याला धार येते. धारेचे पैसे घेऊन तो पट्टा काढतो आणि त्याच सायकलवर बसून पुढच्या आळीत जातो. एकाच यंत्राचा कारखानाही केला आणि वाहनही. ही कल्पना प्रथम ज्याला सुचली त्याचे नाव कोठल्याही संग्रहालयात नाही.

मुंबईचे डबेवाले घ्या. त्यांचा व्यवसाय 1890 सालापासूनचा. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतली ही माणसे. हँडलला, कॅरिअरला, दोन्ही बाजूंना डबे टांगून ते गर्दीतून सायकल काढतात. तोल कसा साधायचा, कोणता डबा आत आणि कोणता बाहेर, हे कोणत्याही नकाशावर काढलेले नसते. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली अक्षरे, आकडे आणि खुणा पाहून स्टेशन, इमारत, मजला कळतो. अक्षर फारसे न येणाऱ्यालाही वाचता यावी अशी ही लिपी आहे. चित्रकलेच्या विद्यालयात तिच्यावर धडा असावयास हवा.

बायकांची गोष्ट याहून बोलकी आहे. झगा अडकू नये म्हणून युरोपात आडवा दांडा खाली घेतलेली ‘लेडीज’ सायकल काढण्यात आली. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात 1991 साली साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. त्यांतल्या कित्येकींनी पुरुषांचीच सायकल पसंत केली, कारण आडव्या दांड्यावर मूल बसविता येते! कारखानदाराला जी अडचण वाटली, तिची त्यांनी बैठक केली. आमच्या कोळणीच्या काष्ट्याच्या लुगड्यालाही त्या दांड्याची अडचण झाली नसती. तरी माझ्या लहानपणी टोपली डोक्यावर आणि सायकल पुरुषाकडे, अशीच वाटणी होती. अडचण लुगड्याची नव्हती.

1923 साली मुंबईहून निघालेले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे पारशी तरुण सायकलने पृथ्वीप्रदक्षिणा करून 1928 साली परतले. सुमारे 71,000 किलोमीटर. त्यांचे कौतुक व्हावे तेवढे थोडेच. पण मी एकदा हिशेब मांडून पाहिला. पाचूबंदरहून वसई रोड स्टेशन सुमारे सात किलोमीटर. जाऊन-येऊन चौदा, वर्षाचे तीनशे दिवस. मुंबईच्या गिरणीत जाण्यासाठी रोज सायकलने स्टेशन गाठणाऱ्याची पृथ्वीप्रदक्षिणा सतरा वर्षांत पुरी होते. अशा दोन-दोन प्रदक्षिणा केलेली माणसे मी पाहिली आहेत. 1936 साली विरारपर्यंत विजेची गाडी आली. पण गाडी स्टेशनापासून पुढे नेते. स्टेशनापर्यंत नेणारी सायकलच होती.

1952 साली मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा 1948 सालचा इटालियन चित्रपट दाखविला गेला. रोममधल्या बेकाराला पोस्टर चिकटविण्याचे काम मिळते, अट एकच, सायकल हवी. बायको अंथरुणाच्या चादरी गहाण टाकून ती सोडवून आणते, आणि पहिल्याच दिवशी ती चोरीस जाते. येथल्या कामगाराला हे परके वाटण्याचे कारणच नव्हते. पुण्यासारख्या ‘सायकलींच्या शहरा’त तर कॉलेजचा प्राध्यापक आणि कारखान्यातला फिटर एकाच रस्त्यावर एकाच उंचीवर भेटत असत. नगरपालिका सायकलीवर कर घेई आणि त्याचा बिल्ला देई, आणि रात्री दिवा नसला की शिपाई अडवी. करही होता आणि शिपाईही होता, याचा अर्थ रस्त्यावर सायकलचा हक्क सर्वांना मान्य होता!

हा हक्क पुढे कोणी ठराव करून काढून घेतला नाही. स्कूटर आली, मोटार आली, रस्ते रुंद झाले आणि सायकलवाला कडेच्या खडीवर गेला. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने एकामागून एक बंद झाली. 2017 साली पुण्यात मोबाइलवरून उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. जुना दुकानदार गिऱ्हाइकाला तोंडाने ओळखे, पंक्चर काढी, चाकाचा आउट काढी. ते कसब त्या मोबाइलमध्ये नव्हते.

कारखान्यांचेही तेच. वरळीची हिंद सायकल कंपनी डबघाईला आली, 1980 साली संसदेने कायदा करून तिचे राष्ट्रीयीकरण केले, तरी पुढे ती बंद पडलीच. आता वरळीत हिंद सायकल हे रस्त्याचे नाव तेवढे उरले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने 2018 साली 3 जून हा जागतिक सायकल दिन ठरविला. बरोबर त्याच दिवशी, 2020 साली, साहिबाबादच्या अ‍ॅटलस सायकल कारखान्याच्या फाटकावर काम बंद झाल्याची नोटीस लागली. कामगार नेहमीप्रमाणे पाळीवर आले होते.

आमच्या वसईच्या पूर्वेस कारखान्यांच्या वसाहतींत आजही पाळी सुटली की सायकलींचा लोंढा निघतो. त्यांवर बसलेले बहुतेक उत्तरेकडून आलेले आहेत, आणि रस्ते आखणाऱ्यांच्या हिशेबात ते नाहीत. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या मागणीपत्रकात सायकल-शेडचे कलम होते. साहेबांच्या मोटारींना छप्पर होते, सायकली पावसात गंजत. व्यवस्थापकांनी अखेर जागा दाखविली, पण ती इतकी अरुंद की त्यांच्या मते वीस सायकलींपलीकडे मावणार नाहीत. तेव्हा पाळीवरच्या एका वेल्डरने खडूने फरशीवरच आकृती काढली. एका सायकलचे पुढचे चाक खाली, शेजारच्या सायकलचे हातभर उंच. म्हणजे हँडलला हँडल अडत नाही आणि जागा निम्मी लागते. भंगारातल्या नळ्या वाकवून त्याने ती रचना स्वतः उभी केली. चौतीस सायकली बसल्या. करारनाम्यात त्या कलमापुढे ‘व्यवस्थापनाने शेड बांधून दिली’ असे लिहिलेले आहे. मी सही करण्यापूर्वी त्यात ‘कामगारांच्या आराखड्याप्रमाणे’ हे दोन शब्द घालावयास लावले, आणि त्या दोन शब्दांसाठी बोलणी आणखी एक दिवस चालली.